भंगारवाल्याच्या पोत्यातली साखर

"मॅडम, मी सगळं लिहितो. तोंडात टाकलेला शेंगदाणासुद्धा लिहितो," असं दादा म्हणाले होते आणि ते खरंच होतं. त्यांची वही मी अजून जपून ठेवली आहे. दोन पोळ्या, अर्धी वाटी मटकी, काकडी, एक वाटी वरण. "बसमध्ये कोणीतरी दिलेलं एक बिस्कीट" हीसुद्धा नोंद आहे. चहा-कॉफीच्या रकान्यात रोज एकच शब्द: नाही. त्या 'नाही'पुढे मी शाबासकीची खूण केली होती. ती खूण करताना थांबून एक प्रश्न विचारला असता तर आमचे तीन आठवडे वाचले असते.

दादांचं वय 38. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीन शॉपवर लाइन सुपरवायझर, तीन पाळ्यांत फिरती ड्युटी, राहायला सिडकोत. घरी पत्नी, आई आणि नऊ वर्षांची मुलगी. त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे, ओळख पटेल असे काही तपशील बदलून. मी आहारतज्ज्ञ आहे, इंदिरानगरात माझी छोटी कन्सल्टिंग रूम आहे. पहिल्या दिवसापासून मी त्यांना दादा म्हणते, इथेही तेच म्हणेन.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते आले तेव्हा उंची 170 सेंमी, वजन 94 किलो, कंबर 108 सेंमी. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, 32.5. आपल्या भारतीय शरीराला 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात आणि पुरुषाची कंबर 90 सेंमीच्या आत असावी असं मानतात, म्हणजे दोन्ही आकडे बरेच पुढे गेलेले. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी 6.1 होती, 5.7 ते 6.4 हा मधुमेहाचा उंबरठा. रक्तदाब 134/86. वडिलांना मधुमेह होता. कंपनीच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन उतरवा, नाहीतर पुढच्या वर्षी गोळी सुरू करू.

याआधी त्यांनी दोनदा प्रयत्न केला होता. एकदा एका जिममधून मिळालेला छापील तक्ता पाळला. भात बंद, बटाटा बंद, गोड बंद, संध्याकाळी सातनंतर जेवण बंद. दुसऱ्या पाळीला रात्री अकराला सुटणाऱ्या माणसाच्या हातात हा तक्ता कोणी दिला आणि का दिला, हे मला आजही कळत नाही. दीड महिन्यात तीन किलो उतरले, पुढच्या दोन महिन्यांत चार चढले. दुसऱ्या वेळी त्यांनी नुसतं चालायला सुरुवात केली, रोज पाच किलोमीटर. वजन जागचं हललं नाही. "माझं शरीरच तसलं आहे" हे वाक्य ते मनाशी पक्कं करूनच माझ्याकडे आले होते.

मी ठरलेल्या पद्धतीने काम सुरू केलं. पाळीप्रमाणे जेवणाच्या वेळा, प्रथिनं थोडी वाढवली, तेल मोजून वापरायला सांगितलं. तीन आठवड्यांनी काटा 93.8 वर. वहीप्रमाणे ते दिवसाला सुमारे 1600 कॅलरी खात होते. एवढ्या उंचीच्या, दिवसभर पायावर उभं राहून काम करणाऱ्या माणसाचं वजन 1600 कॅलरींवर उतरलंच पाहिजे. वही खोटी नव्हती, शरीरही खोटं बोलत नव्हतं. म्हणजे काहीतरी दोघांच्या मधून निसटत होतं.

डिसेंबरअखेरच्या भेटीला वहिनी सोबत आल्या. मी वही उलटीसुलटी करत होते. वहिनी बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "मॅडम, त्या बाटल्यांचं काही नसतं का? भंगारवाला दर महिन्याला पोतं भरून नेतो आमच्याकडून."

दादांनी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. "अगं, ते काय खाणं आहे का? ते थंडच आहे."

त्यांनी काही लपवलं नव्हतं, हे मला इथे ठासून सांगायचं आहे. खाण्याची वही लिहायला सांगितली, त्यांनी खाणं लिहिलं. चहा-कॉफीचा रकाना होता, त्यात त्यांनी प्रामाणिकपणे 'नाही' लिहिलं. कोलासाठी रकानाच नव्हता. फॉर्म माझा होता, चूक माझी होती. पाहुणा आला की आपण विचारतो, थंड घेणार की गरम? त्या भाषेत 'थंड' हा पाहुणचार असतो, खाणं कधीच नसतं. मग माणूस ते मोजणार तरी कसा?

हिशेब मांडला. ड्युटीवर जाताना गेटसमोरच्या टपरीवरून 750 मिलीची बाटली. ती मशीनशेजारच्या टेबलावर ठेवून पाळीभर घोट घोट. घरी जेवताना आणखी 250 मिली. दिवसाला एक लिटर, गेली दोन वर्षं, ऋतू कुठलाही असो. पैशात साधारण 60 रुपये रोज, महिन्याला 1800.

वाटी

त्या दिवशी मी वजनकाटा काढला, स्वयंपाकघरात असतो तो छोटा. त्यावर स्टीलची वाटी ठेवली. दादांच्या बॅगेतली बाटली टेबलावर घेतली आणि मागचं लेबल त्यांनाच वाचायला सांगितलं. साखर 10.6 ग्रॅम. "मग दहाच ग्रॅम आहे की!" ते म्हणाले, आवाजात सुटकेचा नि:श्वास होता. मी म्हटलं, वरची ओळ वाचा. वर लिहिलं होतं: प्रति 100 मिली. लेबलवरचा हा बारीक अक्षरातला आकडा पूर्ण बाटलीचा समजणारी माणसं मी रोज पाहते, शिकलेली आणि हिशेबात पक्की असलेलीसुद्धा. दादा स्वतः मशीनवर मायक्रॉनमध्ये मापं घेणारे.

लिटरला 106 ग्रॅम. वहिनींनीच डब्यातून साखर घालायला घेतली, चमच्याने. दहाव्या चमच्याला त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पंधराव्याला दादा म्हणाले, "बास झालं ना आता?" काटा 75 च्या आसपास होता. एकविसाव्या चमच्याला 106 आले आणि वाटी जवळजवळ काठाला लागली. वहिनी हळूच म्हणाल्या, "आमच्या घरच्या दिवसभराच्या चहाला एवढी लागत नाही."

हे चाललेलं असताना मी एका ग्लासात त्यांच्याच बाटलीतला कोला ओतून बाजूला ठेवला होता. चाळीसेक मिनिटांनी तो कोमट झाला, गॅस निघून गेला. मी म्हटलं, घ्या. दादांनी एक घोट घेतला, दुसरा तोंडातच धरला, कसाबसा गिळला. "हा पाकच आहे हो." पेय तेच, बाटली तीच. थंडपणामुळे जिभेला गोडी कमी लागते, गॅसचा चटका आणि फॉस्फोरिक आम्लाचा आंबटपणा उरलेली गोडी झाकतात. हे तिन्ही पडदे बाजूला केले की शरीरात रोज काय जातं ते जिभेला कळतं. ग्लास त्यांनी संपवला नाही.

106 ग्रॅम साखर म्हणजे 424 कॅलरी, चार-पाच पोळ्यांएवढ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शनाप्रमाणे दिवसाच्या एकूण ऊर्जेत वरून घातलेल्या साखरेचा वाटा 10 टक्क्यांच्या आत असावा, जमल्यास 5 टक्क्यांच्या. 2000 कॅलरींच्या आहारात ते 50 आणि 25 ग्रॅम होतात. दादा एकट्या कोलातून वरच्या मर्यादेच्या दुप्पट घेत होते.

पोळ्या खाल्ल्या तर पोट भरतं, पुढच्या जेवणाला भूक कमी लागते. गोड पेयाने तसं होत नाही. 2000 साली अमेरिकेत एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. 15 जणांना चार आठवडे रोज 450 कॅलरी गोड गोळ्यांच्या रूपात दिल्या आणि वेगळे चार आठवडे तेवढ्याच कॅलरी गोड शीतपेयातून. गोळ्यांच्या काळात त्यांचं बाकीचं खाणं आपोआप कमी झालं. शीतपेयाच्या काळात ते कमी झालं नाही आणि वजन वाढलं. प्रयोग लहान आहे, पण दादांची वही तेच सांगत होती: एक लिटर कोला पिऊनही त्यांच्या जेवणातली एक पोळीसुद्धा कमी झाली नव्हती.

2 जानेवारी

वाटीचा परिणाम एवढा झाला की दादा म्हणाले, नवीन वर्षापासून एक थेंब नाही. मी अडवायला हवं होतं. मी म्हटलं, उत्तम.

1 जानेवारी निभावली. 2 तारखेला दुपारपासून डोकं ठणकायला लागलं, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी. 3 तारखेला ते इतकं वाढलं की बीपी चढलं असेल म्हणून ते जवळच्या डॉक्टरांकडे गेले. बीपी नेहमीइतकंच निघालं. चिडचिड, मरगळ, मशीनवर लक्ष लागेना. मेडिकलमधून डोकेदुखीची गोळी घेतली, अर्ध्या तासात बरं वाटलं. 4 तारखेला परत दुखलं, परत गोळी. 5 तारखेला रात्रपाळीला जाताना त्यांनी बाटली घेतली. "दहा मिनिटांत डोकं उतरलं मॅडम. मग म्हटलं, आपल्याला हे जमणार नाही."

तो कॅफिनचा उतार होता. कोलात 100 मिलीला साधारण 10 मिलीग्रॅम कॅफिन, म्हणजे लिटरला सुमारे 100. रोज एवढं घेणाऱ्याने एकदम थांबवलं तर 12 ते 24 तासांत डोकं दुखायला लागतं, पहिल्या दोन दिवसांत सर्वात जास्त, आणि त्रास दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत राहू शकतो. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफिनच असतं, त्यांची गोळी त्यातलीच होती, म्हणून ती इतकी झटपट लागू पडली. चहा पिणाऱ्या माणसाने कोला सोडला तर हे सहसा जाणवत नाही, कारण चहातून कॅफिन मिळतच राहतं. दादांच्या वहीत चहासमोर 'नाही' होतं. त्यांचं सगळं कॅफिन त्या एका बाटलीतून येत होतं, आणि मी त्या बाटलीत फक्त साखर पाहिली होती.

चहा का सोडला, हे मी तेव्हा पहिल्यांदा विचारलं. दोन वर्षांपूर्वी पित्ताचा त्रास वाढला, कोणीतरी सांगितलं चहा सोड, सोडला. "पण सुट्टीत सगळे टपरीवर चहा घेतात ना. नुसतं हात हलवत उभं राहायचं कसं? म्हणून थंड घ्यायला लागलो. टपरीवाले मामा म्हणाले, याने पित्तपण बसतं." आईसुद्धा म्हणायची, ढेकर आला की हलकं वाटतं. ढेकर येतो तो पेयातल्याच गॅसचा. पित्त काही बसलं नव्हतं, रात्री झोपताना छातीत जळजळ उलट वाढली होती आणि ती शमवायला पुन्हा कोलाच घेतला जात होता.

त्या दहा मिनिटांत काय असतं

इथून पुढे मी कॅलरींबद्दल बोलणं जवळजवळ थांबवलं. दादांना सांगितलं, आठवडाभर कोला हवा तेवढा प्या, फक्त प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहा: किती वाजले, कुठे होतात, शेजारी कोण होतं.

त्या सात दिवसांच्या नोंदी माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणाचं हृदय आहेत. दुसऱ्या पाळीत साडेसहाची सुट्टी. टपरी, चौघे सहकारी, मशीनच्या घरघरीतून सुटलेले कान. "इथे फोन करून कोणी किती माल रिजेक्ट झाला ते विचारत नाही," असं त्यांनी त्या नोंदीशेजारी स्वतःहून लिहिलं होतं. रात्रपाळीत पहाटे तीन, एकटे, मशीनशेजारी, डोळे मिटायला लागलेले. घरी रात्री साडेअकरा, सगळे झोपलेले, ताट झाकलेलं, टीव्हीचा आवाज बंद करून हायलाइट्स. महिना जानेवारीचा. नाशिकच्या थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, लोक शेकोट्या पेटवतात, आणि हा माणूस पहाटे तीनला गार बाटली तोंडाला लावतो. तहान हा शब्द आठवडाभरात एकदाही आला नव्हता.

तीन वेळा, तीन वेगळी कामं. टपरीवर तो सोबतीसाठी होता, पहाटे जागं राहायला, आणि घरी दिवस संपल्याची खूण म्हणून. एकच औषध तिन्हींना लागू पडणार नाही हे उघड होतं. आमचं आधीचं "सगळं बंद" तिन्ही एकदम हिसकावून घेत होतं आणि बदल्यात काही देत नव्हतं.

आधी प्रमाण उतरवलं. एक आठवडा 750, मग 500, मग 250, दर आठवड्याला पाव लिटर कमी. मोठी बाटली अजिबात घ्यायची नाही, 250 च्या लहान बाटल्याच, कारण उघडलेली मोठी बाटली समोर असली की ती संपतेच. यावेळी डोकं एकदाच दुखलं, दुसऱ्या आठवड्यात, तेही गोळीविना गेलं.

पहिला बळी घरच्या बाटलीचा दिला, ती सगळ्यात सैल होती. वहिनींनी ताटाशेजारी ताक ठेवायला सुरुवात केली, जिरेपूड आणि कोथिंबीर घालून. ते लगेच रुळलं. मग तेच ताक आम्ही ड्युटीवर पाठवलं आणि तिथे ते साफ फसलं. शॉपवरच्या गरमीत सहा तासांनी ताक आंबून फसफसलं, बाटलीचं झाकण उडालं आणि बॅगेतले कागद भिजले. मी खोलीत बसून ठरवलं होतं, शॉपवर किती गरम असतं याचा विचारच केला नव्हता.

टपरीचा प्रश्न दादांनीच सोडवला. ते म्हणाले, "मला गोड नकोय, घशाला तो चटका हवाय." साधा सोडा! त्यात साखर शून्य, कॅलरी शून्य, गॅस तोच. अर्धं लिंबू, चिमूटभर काळं मीठ. रक्तदाबामुळे चिमटीच्या वर मीठ घालू नका असं मी बजावलं. टपरीवाल्या मामांना सांगून त्यांनी रोज एक साधा सोडा फ्रीजमध्ये ठेवायची व्यवस्था केली. पहिले दोन दिवस सहकाऱ्यांनी चिडवलं, तिसऱ्या दिवशी एकाने चव मागितली. हातात ग्लास आहे, चौघांत उभं राहता येतं, घशाला झटका मिळतो. रोज सोडा पिऊन छातीत जळजळ वाढली तर तोही थांबवू असं ठरलं होतं, पण उलट ती कमी होत गेली. त्यात घरची रात्रीची बाटली बंद झाल्याचा आणि जेवून लगेच आडवं न होण्याचा वाटा मोठा असावा.

पहाटे तीनचं मात्र अवघड गेलं, आणि त्याबद्दल शेवटी लिहिते.

बिनसाखरेचा कोला चालेल का, हे दादांनी विचारलं होतं, आणि प्रत्येकजण विचारतोच. माझं मत असं: रोज एक लिटर साखरेचा कोला पिणाऱ्याला तो काही आठवडे पायरी म्हणून चालेल, साखर निश्चित वाचते. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या मे महिन्यात वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नका असा सल्ला दिला आहे. शिवाय त्यातही कॅफिन असतंच आणि जिभेची गोडाची अपेक्षा तशीच राहते. दादांनी रात्रपाळीच्या दोन आठवड्यांत तो घेतला, मग स्वतःच सोडला, मागे राहणारी चव आवडली नाही म्हणून.

घुंगरांचा आवाज

फेब्रुवारीच्या मध्यावर वजन 92.1. मार्चच्या पहिल्या आठवड्यात 91.4, आणि मग तीन आठवडे तिथेच. दादा खूश होते. "कोला बंदच म्हणा ना मॅडम. आठवड्याला फार तर एखादी छोटी."

यावेळी मी विचारलं, मग आता तहान लागली की काय घेता?

उन्हं तापायला लागली होती. त्र्यंबक रोडला रसवंत्या लागल्या होत्या, चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज लांबून ऐकू येतो आणि गाडी आपोआप हळू होते. ड्युटीवर जाताना एक मोठा ग्लास, येताना कधी दुसरा. "रस तर नैसर्गिक आहे ना." उसाच्या रसात साखरेचं प्रमाण कोलापेक्षा कमी नसतं, बहुतेकदा जास्तच असतं. 300 मिलीच्या ग्लासात 35 ते 40 ग्रॅम सहज. ऊस शेतातून आला म्हणून स्वादुपिंड त्याला सवलत देत नाही. पाकिटातल्या आंब्याच्या पेयांचंही तेच, लेबल वाचलं की कळतं.

मी रस बंद करा म्हटलं नाही. रविवारी मुलीला घेऊन जा, एक ग्लास दोघांत घ्या, असं ठरलं. त्याच दिवसांत दिंडोरीकडून येणारे एक सहकारी डबा भरून द्राक्षं आणायचे. द्राक्षं गोड असतात म्हणून दादांनी ती टाळली होती आणि ती टाळल्याच्या समाधानात रस पीत होते! चावून खाल्लेली मूठभर द्राक्षं, सालासकट, आणि गटागट प्यालेला रस यांत पोटाला केवढा फरक पडतो हे त्यांना परत वाटी-काट्याने दाखवलं. नाशिकमध्ये राहून फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांना घाबरायचं म्हणजे फारच झालं. एप्रिलअखेर वजन 90 वर आलं.

मे महिन्यात चुलतबहिणीचं लग्न. हळद, लग्न, सत्यनारायण, मिळून पाच दिवस. दारातच वेलकम ड्रिंक, जेवणानंतर थंड, रात्री गच्चीवर भावंडांच्या मैफिलीत दोन लिटरच्या बाटल्या. दादांनी सगळं घेतलं. परत आले तेव्हा वजन 90.8 होतं आणि चेहरा असा की मला वाटलं घरात काही वाईट घडलं. "सगळं पाण्यात गेलं मॅडम." काही गेलं नव्हतं. पाच दिवसांत वाढलेलं वजन बरंचसं मिठामुळे आणि जास्त जेवणामुळे साठलेलं पाणी असतं; दहा दिवसांत काटा परत 90 वर होता. पण त्यांनी त्या भेटीत एक गोष्ट सांगितली, ती मला वजनापेक्षा मोलाची वाटली. चौथ्या दिवशी त्यांना कोला खूप गोड लागला. अर्धा ग्लास ठेवून दिला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पाहत नव्हतं.

घरातही थोडं बदललं, फारसा गाजावाजा न करता. पाहुण्यांसाठी म्हणून फ्रीजमध्ये असणारी बाटली वहिनींनी बंद केली, त्याऐवजी कोकमाचं आगळ आणून ठेवलं, सरबत करताना साखर निम्मी. आईंनी सुरुवातीला कुरकुर केली, पाहुण्याला काय म्हणायचं? मुलीने मात्र वाढदिवसाला कोला मागितला आणि दादांनी तो आणला. मला विचारलं असतं तर मीही आणा म्हटलं असतं.

आकडे

ऑगस्टअखेर वजन 87.6. कंबर 101 सेंमी. जुलैत केलेली एचबीएवनसी 5.8. रक्तदाब 126/82. नऊ महिन्यांत सहा किलोंहून थोडं जास्त.

कागदावर हिशेब केला तर रोजच्या 424 कॅलरी कमी झाल्यावर महिन्याला दीड किलोच्या वर उतरायला हवं होतं, कारण एक किलो चरबीला साधारण 7700 कॅलरी धरतात. प्रत्यक्षात तसं कधीच होत नाही. वजन उतरलं की शरीराचा खर्चही उतरतो, भूक थोडी वाढते, काही दिवस जुन्या वाटेने जातात. शिवाय हे सहा किलो मी एकट्या कोलाच्या नावावर लिहिणार नाही. दुसऱ्या पाळीत ते आता साडेआठच्या सुट्टीत डबा खातात आणि घरी फक्त ताक घेतात, आठवड्यातून तीन सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालतात. पण चालणं त्यांनी आधीही केलं होतं आणि जेवण आधीही कमी केलं होतं, तेव्हा वजन कायमचं उतरलं नव्हतं. दोन्ही मेहनती रोज संध्याकाळी त्या एका बाटलीत विरघळत होत्या. माझ्याकडे येणारी कितीतरी माणसं पोळी मोजतात, भाताला हात लावत नाहीत, आणि "माझं शरीरच तसलं" म्हणत स्वतःला दोष देत बसतात. त्यांचा तो अपमान थांबावा, यासाठीच मी हे इतकं सविस्तर लिहिते आहे. माझ्या फॉर्ममध्ये आता पहिला रकाना पेयांचा आहे, आणि त्याखाली वेळ, जागा, सोबत.

राहिलं पहाटे तीनचं. रात्रपाळीच्या आठवड्यात दादा अजूनही 250 मिलीची एक बाटली घेतात. आम्ही शेंगदाणे-फुटाणे करून पाहिले, तोंडावर गार पाणी मारणं, शॉपला एक चक्कर, अर्धा कप बिनसाखरेचा चहा. चहाने पित्त उसळलं. चालत्या मशीनसमोर पेंगणाऱ्या माणसाला मी बाटली सोडा असं सांगणार नाही, तिथे हात जाण्याचा धोका असतो. फक्त ती बाटली तीनऐवजी दीडला घ्यायची असं ठरलं, कारण कॅफिन अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात आणि तीनला घेतलेलं सकाळी आठच्या झोपेत आडवं येतं. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक आणि गोडाची ओढ दोन्ही वाढतात, तो वेगळाच पीळ.

गेल्या भेटीला दादांनी वही पुढे केली तेव्हा शेवटी एक नवा रकाना दिसला, पट्टीने सरळ आखलेला, मी न सांगता. वर लिहिलं होतं 'झोप'. रात्रपाळीच्या सहा दिवसांचे आकडे: साडेचार तास, पाच, चार, चार, साडेपाच, चार. शेजारी कारणं: नळाला पाणी आलं, पोरीची शाळा, कुरिअर, समोर बांधकाम. वहिनींनी खिडकीला जाड पडदा शिवायला टाकला आहे. पुढच्या भेटीत आम्ही त्या रकान्यापासून सुरुवात करणार आहोत.